केबल गार लागते, तरीही

बोअरमध्ये पाणबुडी मोटर सोडायची ठरली की चर्चा होते ती मोटरीच्या कंपनीवर, हॉर्सपॉवरवर, पंपाच्या स्टेजवर आणि पाइपावर. केबलचा विषय सगळ्यात शेवटी निघतो आणि एका वाक्यात संपतो: पाच एचपी आहे ना, मग अडीच एमएम द्या. या वाक्यात मोटरीची ताकद आहे, तारेची जाडी आहे, पण वीज जिथून येते तिथपासून मोटरीपर्यंतचं अंतर नाही. केबलची जाडी ठरवताना अंतर हॉर्सपॉवरइतकंच महत्त्वाचं आहे, असं मला या लेखात मांडायचं आहे. समोर बोलणारा वायरमन कल्पनेतला आहे. त्याचे मुद्दे मात्र मोटर-पंपाच्या कुठल्याही दुकानात ऐकू येतात तेच आहेत आणि ते उडवून लावण्यासारखे नाहीत.

वायरमन: साहेब, तुमचा हिशेब कागदावरचा असणार. माझा हाताचा आहे. पाच एचपीची थ्री-फेज मोटर नऊ-दहा अँपिअर घेते. अडीच एमएमची तांब्याची केबल पंधरा-अठरा अँपिअर आरामात ओढते, तसं कंपनीच्या तक्त्यातच छापलेलं असतं. म्हणजे केबलवर पुरता भारसुद्धा नाही. दोन तास मोटर चालवा आणि केबलला हात लावून बघा, गार लागेल. गार केबलला बारीक कसं म्हणायचं? वर मी चार किंवा सहा एमएम सांगितली की गिऱ्हाइकाला वाटतं, हा दुकानदाराचा माल खपवतोय.

मी: भाऊ, केबल गार लागते हे खरं आहे, आणि घोळ तिथेच आहे. कंपनीचा तो तक्ता एकाच प्रश्नाचं उत्तर देतो: इतका करंट गेला तर केबलचं आवरण टिकेल का? त्या प्रश्नाला लांबीशी देणंघेणं नसतं, कारण प्रत्येक मीटर आपापली उष्णता आपल्यापुरती बाहेर टाकतो. मोटरीचा प्रश्न वेगळा आहे. तिच्यापर्यंत किती व्होल्ट पोचतात हे सगळ्या मीटरांची बेरीज होऊन ठरतं. आकडेच घेऊ. अडीच एमएमच्या, म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर छेदाच्या, लवचिक तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे ८ ओहम असतो. दहा अँपिअरला तीन तारांत मिळून मीटरमागे साधारण २.४ वॉट जातात. मीटरभर केबलमध्ये एवढीशी उष्णता हाताला कळणारही नाही. पण मीटरच्या पेटीपासून बोअरपर्यंत २०० मीटर आणि बोअरमध्ये खाली १०० मीटर, अशी ३०० मीटर केबल असेल तर हेच २.४ वॉट ७२० च्या आसपास जातात. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॉट. जवळजवळ एक हॉर्सपॉवर वाटेतच संपला, आणि केबल गारच राहिली. व्होल्टचा हिशेबही तितकाच सोपा आहे. १.७३२ गुणिले अँपिअर, गुणिले एका तारेचा एकूण रोध, गुणिले पॉवर फॅक्टर. पॉवर फॅक्टर ०.८ धरला तर या ३०० मीटरमध्ये ३३ व्होल्ट जातात, म्हणजे ४१५ मधले ८ टक्के. दीड एमएम टाकली असती तर ५५ व्होल्ट गेले असते, चार एमएममध्ये २१ जातात, सहा एमएममध्ये १४. हे रोध २० अंश तापमानाचे आहेत. उन्हात बांधावरून गेलेली केबल ४० अंशांवर असेल तर यात आणखी ८ टक्के वाढतात.

वायरमन: पण विहिरीवरच्या मोटरींना अडीच एमएम टाकून कधी तक्रार आली नाही. आमच्या लायनीत सगळे तेच टाकत आले.

मी: कारण विहिरीवर ते बरोबरच आहे. पेटी काठावर किंवा जवळच्या खोलीत आणि मोटर पंधरा-वीस मीटर खाली, अशी सगळी मिळून ६० मीटर केबल धरा. अडीच एमएममध्ये साडेसहा व्होल्ट जातील, दीड टक्का. तिथे चार एमएम घ्या असं सांगणं म्हणजे शेतकऱ्याचे पैसे वाया घालवणं होईल. तुमचा ठोकताळा त्या अंतरावर बसवलेला आहे. पण बोअर दोनशे फुटांवरून पाचशेवर गेले, मोटरी खाली खाली उतरत गेल्या, डीपीपासून, म्हणजे रोहित्रापासून, लांबच्या गटात नवे बोअर झाले. ठोकताळा मात्र हॉर्सपॉवरला चिकटून तिथेच थांबला. पाइपलाइनच्या बाबतीत तुम्ही असं करत नाही. पाणी हजार फूट न्यायचं असेल तर अडीच इंची पाइप बाजूला ठेवून तीन इंची घ्यायला तुम्हीच सांगता, कारण लांबीबरोबर घर्षण वाढतं आणि टोकाला दाब उरत नाही. तारेतही दाबच वाटेत खर्ची पडतो. दहा अँपिअरच्या मोटरीला घट ५ टक्क्यांच्या आत ठेवायची तर अडीच एमएम साधारण १८५ मीटरपर्यंत चालते, चार एमएम ३०० पर्यंत, सहा एमएम ४५० पर्यंत. घट ३ टक्क्यांवर आणायची तर याच तारा अनुक्रमे ११०, १८० आणि २७० मीटरला थांबतात. मी ३ टक्क्यांचा आग्रह धरीन आणि ५ च्या पुढे जाऊ नका म्हणेन. गावाकडे पेटीवर पूर्ण ४१५ व्होल्ट क्वचितच येतात, म्हणून.

वायरमन: आता मुद्द्यावर आलात. पेटीवरच ३७० ते ३८० येतं. एका डीपीवर पंधरा मोटरी, रात्रीची लाइट आली की सगळे ऑटोस्विच एकदम मोटरी उचलतात. तिथे वीसेक व्होल्ट तारेत वाचवून काय मोठं होणार? चूक वीज कंपनीची आणि भुर्दंड शेतकऱ्याने केबलवर भरायचा, हे मला पटत नाही.

मी: चूक कोणाची यावर तुमच्याशी वाद नाही. लघुदाबाच्या पुरवठ्यात ६ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नसावा असा नियम आहे, म्हणजे ३९० च्या खाली जायलाच नको. महाराष्ट्रात २०१८ पासून शेतीपंपांसाठी उच्चदाब वितरण प्रणाली आली आणि एक-दोन शेतकऱ्यांमागे एक छोटं रोहित्र बसवायला सुरुवात झाली. मोठ्या डीपीवरून लांबच लांब ओढलेल्या लघुदाबाच्या तारा दाब खातात, हे सरकारी पातळीवरही मान्य झालं होतं, असाच याचा अर्थ होतो. रोहित्र शेताजवळ आणायचं तत्त्व आणि शेतातली केबल जाड करायचं तत्त्व एकच आहे. पण पुरवठा कमी दाबाचा आहे म्हणून केबलचा विचार सोडून द्यायचा, हे तर्काला धरून नाही. पेटीवर ३७५ व्होल्ट आहेत असं समजा. अडीच एमएमने ३०० मीटर गेल्यावर मोटरीला ३४० च्या आसपास मिळतात, सहा एमएमने ३६०. मोटरीचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाने कमी होतो. ३४० व्होल्टला तो पूर्ण टॉर्कच्या ६७ टक्के राहतो, ३६० ला ७५. पाणी तर तेवढ्याच उंचीवरून ढकलायचं असतं, म्हणून मोटर व्होल्टची तूट करंट वाढवून भरून काढते. ४१५ ला दहा अँपिअर घेणारी मोटर ३४० ला ढोबळमानाने बारा घेते, आणि वाइंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढत असल्यामुळे ती जवळपास दीडपट होते. हा वाढलेला करंट पुन्हा त्याच बारीक केबलमधून जातो आणि घट आणखी वाढवतो. इन्सुलेशनचं तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य सुमारे निम्म्यावर येतं, असा वाइंडिंगच्या बाबतीत ढोबळ नियम मानतात. पुढचं तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. रिले सारखी पडते, म्हणून कोणीतरी तिचं सेटिंग वाढवून ठेवतं, आणि एक दिवस मोटर भरायला टाकावी लागते. डीपीवरचं व्होल्टेज शेतकऱ्याच्या हातात नाही, बांधावरची केबल आहे. पुरवठा जितका वाईट तितकी ती जपायला हवी.

वायरमन: मोटर सुरू तर होते ना पण? खरंच व्होल्टेज पुरत नसतं तर ती उचललीच नसती.

मी: पाणबुडी पंप सेंट्रिफ्यूगल असतो. सुरुवातीला त्याला थोडाच टॉर्क लागतो, म्हणून तो अर्ध्या टॉर्कवरही फिरायला लागतो. थेट स्टार्टरवर मोटर क्षणभर पाच-सहापट करंट मागते. आपल्या ३०० मीटरच्या उदाहरणात पेटीवर अगदी पूर्ण ४१५ असले तरी त्या क्षणी अडीच एमएमच्या टोकाला फक्त तीनशेच्या आसपास व्होल्ट उरतात आणि टॉर्क निम्म्यावर येतो. सहा एमएमला ३६५ च्या आसपास उरतात आणि टॉर्क तीन-चतुर्थांशाहून थोडा जास्त राहतो. साफ पंप दोन्हीकडे सुरू होईल. पण उन्हाळाभर बंद राहिलेला, गाळ किंवा वाळू अडकलेला पंप यातल्या एकीकडेच सुटेल. दुसरीकडे तो गुरगुरत राहील आणि तो वाढीव करंट वाइंडिंगमध्ये जिरत राहील. मोटर सुरू झाली एवढ्यावरून केबल पुरेशी आहे असं ठरत नाही.

वायरमन: बरं, पण तुम्ही ते सातशे वॉट मोजले. शेतकऱ्याला त्याचं काय? साडेसात एचपीपर्यंत वीज फुकट आहे. युनिट कोण मोजतंय?

मी: तुमच्या सगळ्या आक्षेपांत हा मला सगळ्यात भारी वाटतो. मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना एप्रिल २०२४ पासून लागू झाली आणि साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपाचं बिल शेतकऱ्यावरून उतरलं. त्याआधीही बऱ्याच पंपांना मीटर नव्हता, आकारणी एचपीवर होत होती. तारेचा आकार पैशाच्या हिशेबाने कसा ठरवावा हे लॉर्ड केल्विन यांनी १८८१ मध्येच सांगून ठेवलं आहे: तांब्यात अडकलेल्या पैशाचं वर्षाचं ओझं आणि तारेत वाया जाणाऱ्या विजेची वर्षाची किंमत जिथे सारखी होते, तो किफायतशीर आकार. आपल्या उदाहरणात अडीचच्या जागी सहा एमएम टाकली तर सव्वाचारशे वॉट वाचतात. वर्षाला बाराशे तास मोटर चालली तर पाचशे युनिट. हे पाचशे युनिट शेतकऱ्याच्या वहीत शून्य रुपये म्हणून लागतात, त्यामुळे केल्विनचा तराजू त्याच्या घरी चालत नाही. हे मी मान्य करतो, आणि म्हणूनच युनिट वाचवा म्हणून केबल जाड करा असं मी त्याला सांगणार नाही. पण वीज फुकट झाली म्हणून मोटर भरून मिळत नाही. बोअरमधून मोटर वर काढायची मजुरी, वाइंडिंगचा खर्च, पुन्हा सोडायचा खर्च आणि मधले पाणी नसलेले दिवस, हे सगळं त्याच्याच खिशातून जातं. भर मार्चमध्ये कांद्याला किंवा उसाला आठवडाभर पाणी चुकलं तर त्याची भरपाई कुठल्या योजनेत मिळत नाही. वीज मिळते त्या आठ तासांतही व्होल्टेज पडलं की मोटरीचा वेग एक-दोन टक्के कमी होतो. पंपाचा हेड वेगाच्या वर्गाने घटतो, म्हणजे दोन टक्के वेग गेला की चार टक्के हेड गेला. शंभर मीटर हेडचं काम असेल तिथे हे चार मीटर पाण्याच्या धारेत स्पष्ट दिसतात. आणि हाच शेतकरी उद्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत गेला तर तिथे फुकट वॉट नसतात. पॅनेलवर जितकी वीज तयार होते त्यातूनच पाणी यायचं असतं, आणि ढगाळ दुपारी तारेत गेलेला वॉट थेट पाण्यातून वजा होतो.

वायरमन: कपॅसिटर बसवला तर करंट कमी होतो म्हणतात. केबलपेक्षा स्वस्त पडतो.

मी: कपॅसिटर जरूर बसवा, पण तो कुठे काम करतो ते पाहा. आपण तो पेटीत, स्टार्टरपाशी बसवतो. त्यामुळे डीपीपासून पेटीपर्यंतच्या तारेवरचा करंट कमी होतो, डीपीवरचा भार हलका होतो, आणि सगळ्यांनी बसवला तर पेटीवरचं व्होल्टेजही थोडं सुधारतं. पेटीच्या पुढे मोटरीकडे जाणारा करंट मात्र तेवढाच राहतो. त्या ३०० मीटरला कपॅसिटरचा उपयोग नाही.

वायरमन: ठीक. तीनशे मीटर सहा एमएम तांबं, शेतकऱ्याला परवडणार आहे का? आणि सहा इंची बोअरमध्ये सहा इंची पंपाच्या बाजूने जाड केबल उतरवताना ती केसिंगला घासते, सोलते. मी ती सोलून निघालेली पाहिली आहे.

मी: म्हणूनच सगळीकडे एकच केबल टाकायची सक्ती नको. घट तुकड्यातुकड्याने जमा होते, त्यामुळे प्रत्येक तुकडा त्याच्या जागेप्रमाणे निवडता येतो. बोअरमधल्या १०० मीटरला चार एमएमची चपटी तांब्याची केबल घ्या. ती पंपाच्या कडेने नीट बसते आणि दर काही फुटांवर पाइपाला बांधता येते. जमिनीवरच्या २०० मीटरला जागेची अडचण नाही. तिथे दहा एमएमची ॲल्युमिनियमची आर्मर्ड केबल पुरून टाका. तिचा रोध किलोमीटरला ३.०८ ओहम, म्हणजे सहा एमएमच्या तांब्याएवढाच, आणि किंमत पुष्कळ कमी. दोन्ही तुकड्यांची मिळून घट साडेपंधरा व्होल्ट येते, पावणेचार टक्के. जाडी वाढवण्याचा फायदाही तसा मर्यादितच आहे. अडीचवरून चारवर गेलं की बारा-तेरा व्होल्ट वाचतात, चारवरून सहावर सात, सहावरून दहावर सहासुद्धा नाहीत. प्रत्येक पायरीला तांबं दीडपट-पावणेदोनपट वाढतं आणि फायदा आटत जातो, म्हणून डोळे मिटून जाडात जाड घ्या असंही मी म्हणत नाही. एकच खबरदारी: ॲल्युमिनियम आणि तांबं थेट पिळून जोडलं तर ओलीत ते गंजतं आणि जोडच तापतो. बोअरच्या तोंडाशी पेटी ठेवा आणि द्विधातू लग वापरून तो जोड तिथे कोरड्यात करा.

वायरमन: जोडाचं काढलंत ते बरं झालं. तुमचा सगळा हिशेब एका खराब जोडात बुडतो. पाण्याखाली नुसती टेप गुंडाळून केलेले जोड मी कापून टाकलेत. दुसरं म्हणजे, चार एमएम छापलेल्या केबलमध्ये तांबं चारचं असतंच असं नाही. स्वस्त मालात अडीचचं निघतं, कधी तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम निघतं. तुम्ही चार धरून गणित करणार आणि बोअरमध्ये भलतंच जाणार.

मी: हे तुम्ही सांगायचं आणि मी ऐकायचं आहे. मी फक्त तपासायचा मार्ग जोडतो. तांब्याची घनता ठरलेली आहे, त्यामुळे अडीच चौरस मिलिमीटरच्या एका मीटर तारेचं वजन सुमारे २२ ग्रॅम भरायला हवं आणि चारचं ३६. एक मीटर सोलून सोनाराच्या काट्यावर ठेवलं की छापलेला आकार खरा की खोटा ते कळतं. ॲल्युमिनियम तर याच्या तिसऱ्या हिश्शाइतकंही भरत नाही. आयएसआय चिन्ह बघा, पण वजनही करा. शंभर मीटरच्या गुंडाळीचा रोधही मोजता येतो. अडीच एमएमच्या एका तारेला तो ०.८ ओहमच्या जवळ यायला हवा आणि चारला ०.५ च्या. इतका बारीक रोध साध्या मीटरवर नीट कळत नसेल तर वजनच धरा.

वायरमन: शहरातल्या सोसायट्यांच्या बोअरला तर सिंगल-फेज मोटरी असतात. तिथे अंतर काही फार नसतं.

मी: अंतर फार नसतं, तरी तिथे जास्त जपायला हवं. तेवढीच ताकद सिंगल-फेजवर घेतली तर करंट तिप्पट होतो, आणि जाणाऱ्या-येणाऱ्या दोन्ही तारांत घट होते. त्याच तारेत, त्याच अंतराला घटीची टक्केवारी थ्री-फेजच्या सहापट निघते. आठ अँपिअर घेणाऱ्या मोटरीला १०० मीटर दीड एमएम टाकली तर २३० मधले वीसेक व्होल्ट जातात, म्हणजे नऊ टक्के. अडीच एमएम टाकली तर साडेपाच टक्के. म्हणजे शंभर मीटरलाच अडीचही अपुरी ठरते.

वायरमन: आणि ज्यांच्या मोटरी आधीच अडीचवर सोडल्या आहेत त्यांचं काय? सगळ्या उपसायच्या का?

मी: नाही. मोटर नीट चालत असताना नुसत्या केबलसाठी ती वर काढण्यात शहाणपण नाही. मोटर चालू ठेवून पेटीवरचे तिन्ही फेजचे व्होल्ट आणि टाँग टेस्टरने तिन्ही तारांचा करंट घ्या. मीटर बोअरमध्ये उतरवता येत नाही, पण करंट, लांबी आणि जाडी माहीत असली की तळाशी किती व्होल्ट उरतात ते काढता येतं. तो आकडा ३६० च्या खाली जात असेल किंवा करंट पाटीवरच्या आकड्याच्या वर असेल तर आधी जमिनीवरचा तुकडा बदला. बहुतेक वेळा तोच लांब असतो आणि त्याला मोटर हलवावी लागत नाही. आपल्या उदाहरणात बोअरमधली अडीच तशीच ठेवून वरच्या २०० मीटरला दहा एमएमचं ॲल्युमिनियम टाकलं तर ३३ व्होल्टची घट २० वर येते. बोअरमधला तुकडा मोटर पुढे कधी दुसऱ्या कारणाने वर येईल तेव्हा बदला. त्या वेळी पाणी खाली गेल्यामुळे मोटर आणखी शंभर फूट उतरवायची असेल, तर जुन्याच अडीचला शंभर फुटांचा तुकडा जोडण्याआधी हा सगळा हिशेब नव्या लांबीने पुन्हा करा. गिऱ्हाईक दोन दुकानं फिरून तुमच्याकडे येईल, तेव्हा कोटेशनवर मोटरीच्या एचपीच्या शेजारी मीटरमध्ये केबलची लांबी आणि टोकाला पोचणारे व्होल्ट लिहा, अडीचचे वेगळे आणि चारचे वेगळे. मग माल खपवल्याचा आरोप तुमच्यावर राहणार नाही, आणि कोणती केबल न्यायची ते तो आकडे बघून ठरवील.